चित्रकलेचा तास, गाण्याचा तास आणि आपली मुले

(रेल्वे व टपाल कर्मचाऱ्यांच्या संयुक्त कामगार-शिक्षण वर्गात शाखेच्या शिक्षण उपसमितीतर्फे केलेल्या भाषणाचा मजकूर.)



काल दिवसभर या वर्गात वेतन आयोग, रिक्त पदे आणि ठेकेदारीकरण यांवर चर्चा झाली. आज सकाळच्या पहिल्याच तासाला चित्रकला आणि गायन हा विषय लावलेला पाहून मागच्या बाकांवर थोडी कुजबुज झाली. ती आम्ही ऐकली. "पगाराचे बोला, पेन्शनचे बोला, हे रंगीत खडू कशाला?" असा तिचा एकंदर रोख होता. त्याबद्दल आमची तक्रार नाही. पाच वर्षांपूर्वी आमच्या उपसमितीतल्या निम्म्या लोकांचे मत हेच होते. आम्ही काही शिक्षणतज्ज्ञ नाही. आमच्यात दोन ट्रॅकमन आहेत, दोन पोस्टमन आहेत, आर. एम. एस. मधले एक सॉर्टर आहेत आणि लोको शेडमध्ये काम करणाऱ्या एक भगिनी आहेत. आम्ही जे सांगणार ते पुस्तकातले कमी आणि हात पोळून घेतलेले जास्त आहे.

सुरुवात कुठून झाली हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. २२ मार्च २०२० च्या मध्यरात्रीनंतर प्रवासी गाड्या थांबल्या. देशाच्या इतिहासात असे कधी झाले नव्हते. पण मालगाड्या थांबल्या नाहीत, रूळ तपासणारा कीमन थांबला नाही, आणि टपाल खात्याचा माणूस तर औषधांची पार्सले आणि बँकेची रोकड घेऊन दारोदार फिरत होता. म्हणजे शाळा बंद, मुले घरात, आणि आई-बाप मात्र ड्युटीवर. शाळांनी फोनवरून शिकवायला घेतले. आता फोन कुठे होता? बापाच्या खिशात, म्हणजे ड्युटीवर. 'असर' या पाहणीने त्या वर्षी ग्रामीण भागातले जे चित्र मांडले ते आमच्या कॉलनीलाही लागू पडत होते. शाळेत जाणाऱ्या मुलांच्या घरांपैकी स्मार्टफोन असलेली घरे २०१८ मध्ये ३६.५ टक्के होती, ती २०२० मध्ये ६१.८ टक्के झाली. पण पाहणीच्या आधीच्या आठवड्यात शाळेकडून काहीतरी अभ्यास पोहोचलेली मुले जेमतेम एक तृतीयांश निघाली. फोन घरात असणे निराळे आणि तो मुलाच्या हातात असणे निराळे, हे आपल्याइतके दुसऱ्या कोणाला कळणार?

त्या फोनवरून काय शिकवले गेले? गणित, विज्ञान, इंग्रजी. आमची मुले जात होती त्या एका शाळेच्या वेळापत्रकात चित्रकलेच्या रकान्यात 'स्वयंअध्ययन' असे दोन शब्द होते आणि संगीताचा रकानाच नव्हता. आम्ही विचारायला गेलो तेव्हा परिस्थिती निवळली की बघू, असे उत्तर मिळाले. गंमत अशी की त्याच वर्षी एन. सी. ई. आर. टी. ने घरून शिकण्यासाठी जी पर्यायी दिनदर्शिका काढली तिच्यात कलाशिक्षणाला जागा दिलेली होती. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने तर दहावीपर्यंत कला हा सक्तीचा विषय असावा असे म्हणून ठेवले आहे. कागदावर सगळे आहे. आपल्या सेवाशर्तींसारखेच.

भुसावळकडचे एक निवृत्त चित्रकला शिक्षक आमच्या परिचयाचे होते. ए. टी. डी. झालेले, तीस वर्षे सरकारी रेखाकला परीक्षांना मुले बसवणारे. ते फोनवरून शिकवायला तयार झाले. मुले खंडवा, इटारसी, बिलासपूर आणि सिकंदराबाद अशा चार ठिकाणची, सगळी मिळून तेवीस. बहुतेकांच्या शाळा हिंदी माध्यमाच्या, घरात मात्र मराठी. मे महिन्यात आम्ही कामाला लागलो आणि पहिल्याच महिन्यात सपशेल आपटलो.

झाले असे, की उत्साहाच्या भरात आम्ही इकडून तिकडून चांगली चित्रे आणि चित्रफिती गोळा केल्या आणि मुलांना पाठवल्या. हे पाहा आणि काढा. आठ दिवसांनी तेवीस चित्रे परत आली. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, एक झोपडी, एक नदी, चार पक्षी. बिलासपूरचे चित्र कुठले आणि सिकंदराबादचे कुठले हे नाव झाकले तर ओळखू येईना. एका मुलाने मात्र इतके सफाईदार चित्र पाठवले की आम्ही त्याची ग्रुपवर जाहीर तारीफ केली. नंतर कळले की ते त्याच्या बापाने नाईट ड्युटीवरून आल्यावर बसून काढले होते. ते पोस्टमन दादा आज सभागृहात आहेत. त्यांचे नाव सांगत नाही, पण त्यांचा हात खरोखर चांगला आहे.

गुरुजींनी मग आम्हाला फोनवर चांगले सुनावले. म्हणाले, "तुम्ही मुलांना चित्र दाखवू नका. वस्तू दाखवू नका. वस्तू त्यांच्या घरात आहे. तुम्ही फक्त सांगा." हा सगळ्या दूरशिक्षणातला मुद्द्याचा धडा आहे, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

रेखाकला परीक्षांना बसलेली मंडळी इथे असतील. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन हे त्यातले विषय आपण ऐकलेले आहेत. यांपैकी वस्तुचित्र फोनवरून शिकवता येत नाही असे आम्ही धरून चाललो होतो, कारण वस्तू समोर मांडायला शिक्षक नाही. गुरुजींचे म्हणणे उलट होते. शाळेत चाळीस मुलांना एकच बादली दिसते, तीही मागच्या बाकावरून निम्मी. घरी प्रत्येकाला स्वतःची बादली आहे. मात्र ती बादली फोनच्या पडद्यावर दाखवली की घात होतो. फोनचे भिंग जवळची वस्तू फुगवते आणि लांबची आक्रसते. मुलगा फोटो पाहून काढायला बसला की बादलीचा काठ भलताच रुंद येतो आणि तळ निमुळता, आणि पोराला वाटते की आपलेच डोळे चुकत आहेत. म्हणून नियम केला की फोनवर फक्त बोलायचे. "बादली खिडकीजवळ ठेव. बस. एक डोळा मीट. पेन्सिल हात ताठ करून धर. काठाची रुंदी पेन्सिलवर अंगठ्याने माप. आता तेवढेच माप उंचीवर किती वेळा बसते ते मला सांग." हे साध्या फोनवरही होते. स्मार्टफोन लागत नाही, इंटरनेट लागत नाही. बाप ड्युटीवरून आला की रात्री नऊ वाजता अर्धा तास.

चित्रांचे फोटो परत यायचे तेही फसवे असत. ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोत पिवळ्याचा पांढरा होतो, कारण फोन आपल्या अकलेने रंग सुधारतो. तिरका फोटो काढला की चौकोनी पेटी शंकरपाळ्यासारखी दिसते. गुरुजी दोनदा फोटोवरून रागावले आणि दोन्ही वेळा चूक मुलाची नव्हती. शेवटी ठरले की दर पंधरवड्याला मूळ कागद टपालाने यायचे. हे सुचवले आमच्या सॉर्टर बंधूंनी. मोठ्या पाकिटात कागद घडी न घालता, मागे पुठ्ठा लावून. गुरुजी त्यावर पारदर्शक कागद ठेवून लाल पेन्सिलीने दुरुस्ती करत आणि परत पाठवत. मुलाच्या कागदावर ते कधी रेघ ओढत नसत. "त्याचा कागद त्याचा आहे" असे ते म्हणत. आठ-दहा दिवस जायचे-यायचे लागत. पण एक गोष्ट आम्ही पाहिली. फोनवर आलेला शेरा मूल पाहते आणि विसरते. पोस्टमनने दारात दिलेले, स्वतःच्या नावाचे पाकीट ते जपून ठेवते. कित्येक मुलांना आयुष्यात पहिल्यांदा टपाल आले ते हे.

विषय कोणते द्यायचे? गुरुजींनी एकदा सांगितले की बाबा ड्युटीवरून आल्यावर जे पहिल्यांदा खाली ठेवतात ते काढा. त्या वेळची चित्रे आमच्या कचेरीत भिंतीवर लावलेली आहेत. हातदिवा आहे, हिरवी-लाल झेंडी आहे, कीमनचा हातोडा आहे, टिफिन आहे, टपालाची खाकी पिशवी आहे. इटारसीच्या एका नऊ वर्षांच्या मुलाने काही वस्तू न काढता नुसते दोन पाय काढले, बुटातून काढलेले, टाचा फुटलेले. त्याच्या वडिलांना ते पाठवायला लाज वाटत होती. आम्ही म्हटले, पाठवा. गुरुजींनी त्यावर एवढेच लिहिले की डाव्या पायाचा अंगठा पुन्हा पाहा. मुलाने पुन्हा पाहिला, पुन्हा काढला, तीन वेळा. ट्रॅकमनच्या पायाकडे त्याच्या मुलाने आठवडाभर इतक्या लक्ष देऊन पाहिले, हे आमच्या मते सुरक्षा पंधरवड्याच्या पोस्टरापेक्षा मोठे काम झाले.

सामानाचा प्रश्न होता. दुकाने बंद, आणि उघडी असती तरी रंगपेटीला पैसे काढणे सगळ्यांना जमते असे नाही. गुरुजींनी गेरू, चुना, कोळसा, हळद आणि डिंक यांवर काम चालवले. यात कमीपणा मानायचे कारण नाही. आपल्या डहाणू-तलासरीकडचे वारली लोक गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने पिढ्यान्‌पिढ्या काढत आले, आणि त्यांतलेच जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांना कागद आणि ब्रश देणाऱ्यांत भास्कर कुलकर्णी हे मराठी चित्रकार होते. हेच कुलकर्णी त्याआधी, १९६६-६७ च्या बिहारच्या दुष्काळात, मिथिलेतल्या बायकांना कागद द्यायला गावोगाव फिरले होते. भिंतीवरची चित्रे कागदावर आली म्हणूनच ती विकली जाऊ लागली आणि त्या बायकांच्या हाती पैसा आला. पुढे मधुबनीची चित्रे टपाल तिकिटांवर आली आणि २०१७ मध्ये मधुबनी स्थानकाच्या भिंतींवर तिथल्या कलाकारांनी ती रंगवली. मात्र तेही काम श्रमदान म्हणून करून घेतले गेले, हे आपल्या व्यासपीठावरून बोलून दाखवलेच पाहिजे. भिंत रेल्वेची, शोभा रेल्वेची आणि मजुरी शून्य.

चित्रकलेचे आमचे बस्तान बसले. संगीताचे मात्र तसे झाले नाही, आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

गाणे शिकवायला एक बाई मिळाल्या, सहा मुले होती. पहिल्या दिवशी सगळ्यांनी मिळून सरगम म्हणायची ठरली आणि नुसता गलका झाला. कारण अगदी सोपे आहे. फोनवरून आवाज इकडून तिकडे पोहोचायला कमीअधिक पाव सेकंद जातो, कधी जास्तही. पाव सेकंदात हवेतला आवाज सुमारे ८५ मीटर जातो. म्हणजे चार डब्यांपलीकडे उभ्या असलेल्या माणसाबरोबर आपण टाळ धरल्यासारखे झाले. भजनी मंडळात बसणाऱ्या आपल्या लोकांना हे लगेच पटेल. दुसरी अडचण आम्हाला महिनाभर कळलीच नाही. बाई तानपुरा लावून गात होत्या आणि मुलांना तानपुरा ऐकूच येत नव्हता. फोनमधली आवाज साफ करणारी व्यवस्था सतत एकसुरात चालणारा आवाज म्हणजे गोंगाट असे समजते आणि तो गाळून टाकते. पंखा, कूलर आणि तानपुरा तिच्या लेखी एकच. मुले बिचारी आधाराशिवाय गात होती आणि बेसूर होत होती.

त्यावर उपाय निघाला तो जुन्या काळातला. कलकत्त्याच्या नभोवाणीवर पंकज मलिक यांनी १९२९ मध्ये संगीत शिकवण्याचा कार्यक्रम सुरू केला आणि तो १९७५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ सेहेचाळीस वर्षे चालला. रेडिओ ही तर एकेरी वाट. शिकणाऱ्याचा सूर गुरूला ऐकू येण्याची सोयच नाही. तरी बंगालमधल्या घराघरांत लोक त्यावरून गाणी शिकले. त्याच्याही आधी आपल्या विष्णू नारायण भातखंडे यांनी बंदिशी स्वरलिपीत छापून काढल्या, त्या पुस्तकांवरून कुठल्या कुठे राहणारी माणसे शिकली. एकत्र गाण्याचा हट्ट यांपैकी कोणी धरला नाही. बाईंनीही तो सोडला. त्या एक ओळ गाऊन ध्वनिमुद्रण पाठवत, मुलगा ती दहा वेळा ऐकून, तानपुरा दुसऱ्या फोनवर किंवा शेजाऱ्याच्या रेडिओसंचावर लावून, गाऊन परत पाठवी. सहापैकी चार मुले टिकली. दोघांना सूर सापडला असे बाई म्हणतात.

तबल्यात आम्ही हरलो. डग्ग्याचा घुमारा लहान फोनच्या कर्ण्यातून येतच नाही, फक्त टकटक येते. खंडव्याचा एक मुलगा पत्र्याच्या ट्रंकेवर सराव करत होता. हात कसा पडतो हे गुरूला दिसत नव्हते आणि गुरूचा डग्गा त्याला ऐकू येत नव्हता. तीन महिन्यांनी त्याने सोडून दिले. काही विद्या अशा आहेत की गुरूच्या गुडघ्याला गुडघा लावून बसावेच लागते. ज्यांना सगळे शिक्षण तारेवरून नेता येईल असे वाटते त्यांनी एकदा डग्गा फोनवरून ऐकावा.

नाटकाचे थोडक्यात सांगतो. नुसत्या आवाजावर श्रुतिका बसवली. प्रत्येकाने आपापल्या घरी संवाद मुद्रित केले आणि एका मुलीने ते जोडले. गाडीचा आवाज मुद्दाम करावा लागला नाही, तो प्रत्येकाच्या मागे होताच. ज्या कामगार चळवळीने अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाच्या आवाजावर मैदाने गोळा केली, तिच्या मुलांना आवाज वापरता येऊ नये हे बरे नव्हे.

आता मघाच्या कुजबुजीकडे येतो. आमच्याच शाखेच्या कार्यकारिणीत एका जुन्या साथींनी स्पष्ट विचारले होते, "पोरांना गणित येत नाही, आणि तुम्ही त्यांना गेरूने रंगवायला लावता?" त्यांचा मुद्दा खोटा नव्हता. दोन वर्षांनी शाळा उघडल्या तेव्हा मुलांचे वाचन आणि हिशेब मागे पडले होते. पण शाळांनी त्यावर उपाय काय केला? चित्रकलेचे आणि गाण्याचे तास गणिताला दिले. ज्यांच्या आई-बापांची ऐपत होती त्यांनी क्लास लावले, शहरात गाण्याचा क्लास, चित्रांचा क्लास. आपल्या मुलांच्या वाट्याला शाळेतला तो एकच तास होता. म्हणजे साहेबाच्या मुलाने दोन्ही शिकायचे आणि खलाशाच्या मुलाने फक्त पाढे. ही वाटणी आम्हाला मान्य नाही. शिवाय पेन्सिलीवर माप घेणारी ती मुले प्रमाण आणि अपूर्णांकच शिकत होती, पण त्या कारणासाठी चित्रकला हवी असे आम्ही म्हणणार नाही. तिला स्वतःच्या नावाने जागा पाहिजे.

नुकसान झाले ते नुसते हौसेचे नव्हते. भुसावळ भागातल्या एका ट्रॅकमनची मुलगी एलिमेंटरी झालेली होती. २०२० मध्ये, दहावीत असताना, ती इंटरमिजिएटला बसणार होती. त्या वर्षी परीक्षाच झाली नाही. महाराष्ट्रात या परीक्षेत ए ग्रेड आली तर दहावीला ७ गुण मिळतात, बी ला ५, सी ला ३. तिचे ते गुण गेले. शाळेने सांगितले की हा विषय आमच्या हातातला नाही. गुरुजी म्हणत की असा हात त्यांनी पंधरा वर्षांत पाहिला नव्हता. आज ती भरती परीक्षांची तयारी करते आहे. मागच्या वर्षी आम्ही तिला लहान मुलांचा वर्ग घेशील का म्हणून विचारले. म्हणाली, "काका, आता वेळ नाही." आम्ही आग्रह केला नाही.

आणि शिकवणाऱ्यांचे काय? बंधू-भगिनींनो, हा तर आपल्या रोजच्या कामाचा विषय आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात उच्च प्राथमिक शाळेत शंभरावर मुले असतील तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक असावेत असे लिहिले आहे. गणिताचा शिक्षक पूर्णवेळ आणि चित्रकलेचा अंशकालीन, हे कायद्यातच आले. अंशकालीन म्हणजे काय हे ग्रामीण डाक सेवक बंधूंना आम्ही समजावून सांगायची गरज नाही. शाळा बंद पडल्या तेव्हा आमच्या माहितीतल्या एका निदेशकांना त्या महिन्यांचे मानधन मिळाले नाही. तास झाला नाही, तर पैसे नाहीत. त्यांनी केळीची गाडी लावली.

तेव्हा दूरशिक्षणाच्या नावाने काय येऊ घातले आहे ते नीट पाहिले पाहिजे. एका शिक्षकाचा तास एकदा मुद्रित केला की तो चाळीस शाळांत कितीही वर्षे दाखवता येतो. मग जागा भरायची कशाला, असे म्हणणारा कोणीतरी कचेरीत बसलेला असतोच. उपग्रहावरून शिकवण्याचे प्रयोग या देशाला नवे नाहीत. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांत उपग्रहावरून दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पोहोचले होते. वर्ष संपले आणि उपग्रह ज्यांचा होता त्यांनी तो नेला. पुण्याची बालचित्रवाणी १९८४ मध्ये सुरू झाली आणि २०१७ मध्ये बंद केली गेली. तीन वर्षांनी मराठी मुलांना घरबसल्या शिकवायची वेळ आली तेव्हा ती असती तर काय झाले असते, याचा विचार ज्याने त्याने करावा. जुलै २०२० मध्ये सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका आली, ती आमच्या इटारसी-बिलासपूरच्या घरांतही पाहिली गेली आणि चांगली होती. पण दूरचित्रवाणीला मुलाचा कागद दिसत नाही. आमची भूमिका म्हणून अशी आहे की जिथे शिक्षक पोहोचू शकत नाही तिथे दुरून शिकवावे, जिथे शिक्षक आहे वा असायला हवा तिथे त्याच्या जागी पडदा टांगू नये. आणि मुद्रित केलेला तास पुन्हा वापरला तर शिकवणाऱ्याला पुन्हा मोबदला मिळावा. हा ठराव आम्ही दुपारच्या सत्रात मांडणार आहोत. त्यावर मतभेद आहेत हे आम्हाला माहीत आहे. ते दुपारी ऐकू.

वर्ग आजही चालू आहे, कारण बदल्या चालू आहेत. आडरानातल्या स्थानकावर नेमणूक झालेल्या माणसाच्या मुलाला जवळच्या शाळेत चित्रकला शिक्षक मिळेल याची शाश्वती नाही. ज्यांची मुले बदलीमुळे शाळेच्या मेळातून निसटली त्यांना आम्ही राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची माहिती देतो. तिथे दहावीला चित्रकला हा विषय घेता येतो, हिंदुस्तानी संगीतही आहे, आणि दहावीसाठी मराठी माध्यमाचीही सोय आहे. प्रात्यक्षिक परीक्षा मात्र केंद्रावर जाऊन द्यावी लागते. दूरशिक्षणाने शिकणाऱ्या मुलालाही बाल शिक्षण भत्ता लागू आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १ जानेवारी २०२४ पासून तो दर मुलामागे महिना २,८१२ रुपये ५० पैसे झाला, दोन मुलांपर्यंत. बाबूंनी दूरशिक्षणाचे कारण सांगून अर्ज परत केला तर तो तसाच घरी नेऊ नका, शाखेत आणा.

टपाल खात्याकडे आमची एक मागणी आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाले. त्याआधी मे २०२५ मध्ये 'ज्ञान पोस्ट' आले, त्यात छापील शैक्षणिक पुस्तके ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपयांत आणि ५ किलोपर्यंत १०० रुपयांत जातात, कर वेगळा. चांगली योजना आहे. पण मुलाने हाताने काढलेला कागद छापील नाही, म्हणून तो त्यात बसत नाही. पुस्तक स्वस्तात मुलाकडे जाते आणि मुलाचे उत्तर महागात परत येते, हे उलटे आहे. विद्यार्थ्यांची चित्रे आणि सरावाचे कागद या दरात घ्यावेत, असे निवेदन तयार आहे. सह्यांचा कागद दाराशी ठेवला आहे. रेल्वेकडे मागणी एवढीच की इन्स्टिट्यूटचे सभागृह रविवारी सकाळी दोन तास मुलांना विनाभाडे मिळावे. लग्नाला देता येते तर याला का नाही?

गुरुजींची तब्येत आता बरी नसते. ते पंधरवड्याला आठच पाकिटे तपासू शकतात आणि मुले झाली आहेत एकतीस. ज्या बंधू-भगिनींनी शाळेत इंटरमिजिएटपर्यंत चित्रकला केली असेल त्यांनी चहाच्या सुट्टीत आमच्या भगिनींकडे नाव द्यावे, मग ते पोस्टमन दादा का असेनात. बाहेर टेबलावर चार पाकिटे ठेवली आहेत, खंडवा, इटारसी, बिलासपूर आणि सिकंदराबाद. प्रत्येकात पारदर्शक कागदाची एक रीळ, गेरूची पुडी आणि लाल पेन्सिली आहेत. त्या बाजूला आज रात्री परतणाऱ्यांनी आपापले पाकीट उचलावे आणि रिकामा पुठ्ठा पुढच्या फेरीला परत आणावा.